सिंहली गावांची नावे शेवटाकडून वाचावीत

श्रीलंकेचा प्रवास करून आलेल्या एका मराठी वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. तेथील पाट्यांवर वारंवार दिसणारा ‘गम’ म्हणजे आपला ‘गाव’ आहे काय, ‘देणिय’, ‘गोड’, ‘पिटिय’, ‘तोट’, ‘वॅव’ या शेवटांचे अर्थ काय, आणि अंबलंगोड या गावाच्या नावामागे वाटाड्याने सांगितलेली खलाशांची गोष्ट खरी मानावी काय. पाली आणि सिंहल या भाषांच्या अभ्यासात अनेक वर्षे घालवल्यावर माझी काही मते पक्की झाली आहेत. ती कारणांसह मांडतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. संस्कृत ‘ग्राम’, पाली ‘गाम’, सिंहल ‘गम’ आणि मराठी ‘गाव’ हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. सिंहल ही आपल्यासारखीच प्राकृतातून आलेली भाषा आहे. फक्त ती दोन हजारांहून अधिक वर्षे उत्तरेकडील भगिनींपासून दूर, तमिळच्या शेजारात वाढली, म्हणून ओळखीचे शब्द तेथे अनोळखी कपड्यांत भेटतात. ‘गम’चेच ‘गमुव’ असे दुसरे रूप अनेक नावांत दिसते. कोसगम म्हणजे फणसाचे गाव, कारण ‘कोस्’ म्हणजे फणस. गम्पह म्हणजे ‘गम् पह’, पाच गावे. आपल्या पाचगावचे ते सरळ भावंड आहे.

तरीही ‘गम’ला धरून बसल्यास सिंहली नावांची खरी श्रीमंती हातची निसटते. आपण पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव म्हणतो तेव्हा झाड बदलते आणि ‘गाव’ तोच राहतो. सिंहली शेतकऱ्याने मात्र नावाच्या शेवटी बहुधा जमिनीचा प्रकार लिहिला, आणि तोही इतक्या बारकाईने की नकाशा न पाहता नावावरून उतार, ओल आणि पीक यांचा अंदाज बांधता यावा. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो की नाव शेवटाकडून वाचा. आधी जमीन कोणती ते ठरवा, मग तिच्यावर काय उभे होते ते पाहा.

या सगळ्या शब्दसंपत्तीच्या मुळाशी एक साधी जोडी आहे. सिंहली खेड्यात जमीन दोन प्रकारची असते, ‘गोड’ आणि ‘मड’. मड म्हणजे चिखलाची, भाताची, पाणी साठणारी जमीन, आणि गोड म्हणजे तिच्या वर असलेली कोरडी, उंचवट्याची जमीन, जिच्यावर घर बांधता येते आणि झाड लावता येते. (मराठी वाचकाने येथे ‘गोड’ शब्दाची चव विसरावी, त्याचा गोडीशी काही संबंध नाही.) नुगेगोड म्हणजे वडाचा उंचवटा, कारण ‘नुग’ म्हणजे वड. कोस्गोड म्हणजे फणसाचा उंचवटा. मड जमिनीचेही पोटभेद आहेत. ‘वेल’ म्हणजे भातशेतांचा सलग पट्टा, ‘कुंबुर’ म्हणजे भाताचे शेत, आणि ‘लियद्द’ म्हणजे बांधांनी वेगळे केलेले भाताचे एकेक खाचर. पोल्गहवेल हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. त्याच्या नावात ‘पोल्’ म्हणजे नारळ, ‘गह’ म्हणजे झाड आणि ‘वेल’ म्हणजे भातपट्टा असे तीन शब्द ओळीने उभे आहेत. कॅण्डी जिल्ह्यातील हतरलियद्द या गावाचे नाव तर ‘चार खाचरे’ एवढेच सांगते. कोकणातील कोणाही शेतकऱ्याला या नावातला हिशेब लगेच समजेल.

कोरड्या जमिनीचे शब्दही असेच नेमके आहेत. ‘पिटिय’ म्हणजे मोकळी सपाट जागा, ‘तॅन्न’ म्हणजे डोंगरातील सपाटी, ‘वत्त’ म्हणजे बाग, ‘हेन’ म्हणजे जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती, जिला आपल्याकडे कुमरी म्हणतात. पुवक्पिटिय म्हणजे पोफळीचे मैदान. येथे ‘पुवक्’ आणि आपले ‘पोफळ’ हे दोन्ही संस्कृत ‘पूग’ या शब्दाकडे जातात. कोलंबोच्या ज्या श्रीमंत वस्तीला इंग्रजांनी दालचिनीच्या बागा म्हटले, तिचे सिंहली नाव कुरुंदुवत्त आहे, आणि त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे.

आता ‘देणिय’कडे येतो, कारण हा शब्द मला विशेष प्रिय आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये लांबट, अरुंद, ओलसर खोलगट पट्टी असते; तिच्यात भात लावतात आणि दोन्ही अंगांना घरे चढत जातात. त्या पट्टीला देणिय म्हणतात. बेटाच्या नैऋत्येकडील पावसाळी भागात अशा पट्ट्या असंख्य आहेत, म्हणून नावेही असंख्य आहेत. शब्दाचे मूळ दंबदेणिय या १३ व्या शतकातील राजधानीच्या नावावरून उलगडते. पाली ग्रंथकार तिला ‘जंबुद्दोणि’ म्हणतात. ‘दोणि’ म्हणजे संस्कृत ‘द्रोणी’: पन्हळ, डोण, आणि लक्षणेने दरी. गुरांना पाणी पाजायची दगडी किंवा लाकडी डोण ज्याने पाहिली आहे, त्याला अशा दरीला तेच नाव का मिळाले हे वेगळे सांगावे लागणार नाही. आपण पानाच्या द्रोणात आमटी वाढतो, तेव्हाही याच शब्दाला हात लावत असतो.

याच नावाचा पूर्वार्ध सिंहलच्या ध्वनिनियमांचा उत्तम धडा आहे. पाली ‘जंबु’ सिंहलमध्ये ‘दंब’ होतो, कारण जुना ‘ज’ तेथे नियमाने ‘द’ झाला. ‘जन’चा ‘दन’ झाला तो त्याच वाटेने. म्हणून दंबदेणिय म्हणजे जांभळीची दरी. बेटाच्या उत्तर टोकावरील ज्या बंदरात संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन उतरली असे परंपरा सांगते, त्याचे पाली नाव जंबुकोल आणि सिंहली नाव दंबकोळ पटुन असे आहे; ‘पटुन’ म्हणजे पट्टण, अर्थात बंदर, आणि आपले ‘पाटण’ त्याचेच नातेवाईक. आणखी तीन नियम ध्यानात ठेवले की बरीच कुलपे उघडतात. महाप्राण (ख, घ, ध, भ यांतील ‘ह’चा अंश) गळतात, दीर्घ स्वर आखूड होतात, आणि ‘स’ अनेकदा ‘ह’ होतो. पुढच्या अक्षरातील ‘इ’मुळे आधीचा ‘आ’ ‘ॲ’कडे झुकतो, हा चौथा नियम, आणि तो तलावांच्या गावांसाठी अत्यावश्यक आहे.

संस्कृत ‘वापी’ याच नियमाने ‘वॅव’ झाली. आपल्याकडे वापी म्हणजे विहीर किंवा बारव, तर लंकेत वॅव म्हणजे मातीचा बांध घालून अडवलेला तलाव. बेटाच्या उत्तर-मध्य कोरड्या भागात पाऊस मुख्यतः ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काही महिन्यांत पडतो, आणि उरलेले वर्ष त्या साठवलेल्या पाण्यावर काढावे लागते. तेथे तलाव नसेल तर गाव नसते. वर तलाव, बांधाखाली भाताचा पट्टा, बाजूला घरांचा पुंजका म्हणजे ‘गंगोड’, आणि पलीकडे जंगल व हेन, अशी एकच रचना शेकडो ठिकाणी दिसते. ‘वॅवय् दागॅबय्, गमय् पन्सलय्’ असे सिंहली लोक आपल्या संस्कृतीचे वर्णन करतात: तलाव आणि स्तूप, गाव आणि विहार. त्यामुळे तलावाचे नाव तेच गावाचे नाव हा येथे सहज नियम झाला. बोलण्यात ‘वॅव’ इतकी झिजते की कॅबितिगोल्लॅव यासारख्या नावात शेवटच्या ‘ॲव’मध्ये ती लपून बसते, आणि नवख्याला तेथे तलाव आहे हे कळत नाही. अनुराधपुराभोवतीच्या साऱ्या प्रदेशाचे पारंपरिक नाव नुवरकलाविय आहे; ते नुवर वॅव, कला वॅव आणि पदविय या तीन मोठ्या तलावांच्या नावांतून जुळले असे मानले जाते. यांपैकी कला वॅव ५ व्या शतकात धातुसेन राजाने बांधली, आणि पाली इतिहासग्रंथांत तिचे नाव ‘कालवापि’ असेच आहे.

याच कोरड्या भागात गल्कुलम यासारखी नावे भेटतात. ‘गल्’ हा सिंहल शब्द, अर्थ खडक. ‘कुलम’ हा तमिळ ‘कुळम्’, अर्थ तलाव. एका नावात दोन भाषा गुण्यागोविंदाने बसल्या आहेत. श्रीलंकेतील दुर्दैवी संघर्षाच्या काळात गावांच्या नावांवरून भूमी कोणाची असा वाद दोन्ही बाजूंनी घातला गेला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. एखाद्या तलावाला कोणत्या भाषेत हाक मारली गेली, एवढेच नाव सांगते. आज त्या बांधावर राहणाऱ्याचा हक्क त्यातून सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही. आपल्या सीमाभागातील नावांबाबतही मी हेच म्हणेन.

नावाचा पूर्वार्ध बहुधा झाड असतो, आणि येथेच सर्वांत जास्त चुका होतात. उदाहरण म्हणून ‘मी’ हे एकच अक्षर घ्या. मराठीत मध, मोह आणि म्हैस हे तीन शब्द आजही वेगळे आहेत. सिंहलमध्ये ‘मधु’, ‘मधूक’ आणि ‘महिष’ हे तिन्ही झिजत झिजत ‘मी’ या एकाच रूपावर येऊन थांबले: ‘मी पॅणि’ म्हणजे मध, ‘मी गह’ म्हणजे मोहाचे झाड, ‘मी हरका’ म्हणजे रेडा. आता पाटीवर नुसते ‘मी’ने सुरू होणारे नाव दिसले तर कोणता अर्थ घ्यायचा? मीगहतॅन्न या नावात ‘गह’ असल्यामुळे शंका उरत नाही. ती मोहाच्या झाडाची सपाटी आहे. परंतु मीगमुव, ज्याला पोर्तुगीज वळणाने नेगोंबो म्हणतात, त्यात असा साक्षीदार नाही. लोक ‘मधाचे गाव’ असे सांगतात, आणि होडीत सापडलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याची कथाही जोडतात. अर्थ संभाव्य आहे. पण मोहाचे गाव आणि म्हशींचे गाव हे अर्थही व्याकरणाला तितकेच मान्य आहेत, आणि गोष्ट गोड आहे एवढ्या कारणाने एकाला झुकते माप देता येत नाही.

पेरादेणियचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. कॅण्डीजवळच्या या गावी प्रसिद्ध वनस्पती उद्यान आणि विद्यापीठ आहे. ‘पेर’ म्हणजे पेरू आणि ‘देणिय’ म्हणजे दरी, म्हणून पेरूंची दरी, असे जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. आजच्या लेखनाशी ते जुळतेही. अडचण अशी की पेरू हे अमेरिकेतील झाड आहे. ते आणि त्याचे नाव पोर्तुगिजांबरोबर १६ व्या शतकात या बाजूला आले. सिंहल ‘पेर’ आणि मराठी ‘पेरू’ हे दोन्ही त्यांच्याच शब्दावरून घडले. उद्यानाची परंपरा मात्र १४ व्या शतकातील विक्रमबाहू तिसरा याच्या तेथील दरबारापर्यंत मागे नेली जाते. गावाचे नाव त्या दरबाराइतके जुने असेल, तर पेरूचा अर्थ टिकत नाही. म्हणून झाडाचा अर्थ लावण्यापूर्वी ते झाड तेथे कधी आले हे विचारणे मी आवश्यक मानतो. वनस्पतिशास्त्राने व्युत्पत्तीला असा वेळेवर आवर घातल्याची उदाहरणे आपल्याकडेही शोधण्याजोगी आहेत.

झाड आणि जमीन यांखेरीज माणसाचा व्यवसाय आणि राजाशी असलेले नाते यांतूनही नावे आली. कॅण्डीच्या राज्यात जमीन सेवेच्या बदल्यात मिळत असे, आणि गावांचे वर्गच ठरलेले होते: राजाच्या कोठाराची ‘गबडागम’, सरदारांना दिलेली ‘निंदगम’, विहारांची ‘विहारगम’ आणि देवळांची ‘देवालगम’. आपल्या इनाम आणि देवस्थान जमिनींशी हे चित्र ताडून पाहण्यासारखे आहे. कुंबल्वेल या नावातील ‘कुंबल्’ म्हणजे कुंभार. वाटेवरची नावे वेगळी: ‘कडवत’ म्हणजे राज्याच्या वाटेवरील नाके, आणि कोलंबोच्या बाहेरच्या एका गजबजलेल्या गावाचे नाव आजही तेवढेच आहे. ‘कोट्टे’ म्हणजे कोट, किल्ला. हे सांगण्यासाठी मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही.

आता अंबलंगोड. वाटाड्याची गोष्ट अशी: समुद्रात वाट चुकलेल्या खलाशांना अचानक किनारा दिसला, आणि कोणी ओरडला, ‘अं बलन्, गोड!’, म्हणजे ‘ते बघा, जमीन!’ गोष्ट ऐकायला छान आहे. ‘बलन्’ म्हणजे बघा आणि ‘गोड’ म्हणजे कोरडी जमीन हेही खरे. परंतु गावे अशी आरोळीवरून घडत नाहीत. ‘अंबलम’ म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली उघडी धर्मशाळा. लंकेच्या जुन्या वाटांवर त्या जागोजागी होत्या. अंबलम असलेला उंचवटा तो अंबलंगोड. याच किनाऱ्यावर पुढे अंबलंतोट आहे, म्हणजे अंबलम असलेला, नदी ओलांडायचा उतार. दोन नावांत तोच पूर्वार्ध येतो आणि उत्तरार्ध जमिनीप्रमाणे बदलतो; खलाशाची आरोळी दुसऱ्या गावाला लावून पाहिली की ती लागू पडत नाही. माझ्या दृष्टीने हीच कसोटी निर्णायक आहे. एखादी व्युत्पत्ती एकाच गावाला लागू पडत असेल आणि शेजारच्या सारख्या नावासमोर गप्प बसत असेल, तर ती गोष्ट आहे, व्युत्पत्ती नव्हे. बेरुवलची ‘बॅ रुवल’, म्हणजे शीड उतरवले, ही कथा मी त्याच रांगेत ठेवतो.

‘तोट’ या शेवटाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्याचे मूळ ‘तीर्थ’, पाली ‘तित्थ’. आपल्याला तीर्थ म्हटले की क्षेत्र आठवते, पण शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडायचा उतार असा आहे, आणि सिंहलने तोच जपला. १५ व्या शतकातील विद्वान कवी श्री राहुल स्थविर ज्या तोटगमुवचे, त्या ठिकाणाच्या विहाराला पालीत ‘तित्थगाम’ म्हणतात. बेंतोट या गावाबद्दल ‘बेम्’ नावाच्या राक्षसाची कथा सांगतात, तर पाली ग्रंथांत त्याचे नाव ‘भीमतित्थ’ आहे. येथे कथा निराधार नाही, कारण भीम शब्दाचा झिजलेला अवशेष तिच्यात उरला आहे; फक्त भीम कोण हे विसरल्यावर लोकांनी त्याला राक्षस केले असावे असे मला वाटते.

पाली नाव सापडले की प्रश्न मिटला, असेही समजू नये. भिक्षू पालीत लिहिताना स्थानिक नाव कधी जुन्या रूपात देत, तर कधी त्याचे सरळ भाषांतर करत. १४ व्या शतकाच्या आरंभी राजधानी असलेल्या कुरुणॅगलला पालीत ‘हत्थिसेलपुर’, हत्तीच्या खडकाचे नगर, म्हटले आहे. गावावर छाया धरणाऱ्या प्रचंड खडकाचे नाव ॲतागल आहे, आणि ‘ॲता’ म्हणजे सुळेवाला हत्ती. आपला ‘हत्ती’ आणि हा ‘ॲता’ दोन्ही ‘हत्थि’पासूनच. पण ‘हत्थिसेलपुर’ झिजून ‘कुरुणॅगल’ होणे कोणत्याही ध्वनिनियमाने शक्य नाही. तेव्हा हे अर्थाचे भाषांतर आहे, रूपाचा पूर्वज नव्हे. जंबुद्दोणि आणि दंबदेणिय यांचे नाते वेगळे, हे आता लक्षात येईल.

परक्यांनी नोंदवलेली व्युत्पत्तीही अशीच पारखून घ्यावी. कॅण्डीच्या राज्यात सुमारे १९ वर्षे अडकून पडलेला इंग्रज रॉबर्ट नॉक्स याने १६८१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात लिहिले की कोलंबो हे नाव फळ न धरणाऱ्या आंब्यावरून आले: ‘कोळ’ म्हणजे पान, ‘अंब’ म्हणजे आंबा, नुसती पाने असलेला आंबा. त्याने ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून १७ व्या शतकात लोक काय समजत होते याचा तो मोलाचा पुरावा आहे. नावाच्या जन्माचा मात्र नाही, कारण इब्न बतूताने १४ व्या शतकातच ‘कलंबू’सारखे रूप नोंदवले होते.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. इंग्रजी पाटीवरून अर्थ लावू नका, कारण रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ आणि दन्त्य-मूर्धन्य भेद पुसले जातात. ‘गल’ म्हणजे खडक आणि ‘गाल’ म्हणजे गुरांचा तळ. गॉल शहराच्या नावाबद्दलचा जुना वाद या एका कान्यावर उभा आहे. तसेच ‘एळिय’ शब्दाचा ‘प्रकाश’ हा शब्दकोशातला अर्थ घेऊन नुवरएळियला ‘प्रकाशाचे शहर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण ‘एळिय’ म्हणजे जंगलातील उघडे माळरानही. ज्या उंच पठाराला इंग्रजांनी हॉर्टन या गव्हर्नराचे नाव दिले, त्याचे जुने नाव ‘महएळिय’, मोठे माळ, असे आहे, आणि तेथे दिवे कोणी लावले नव्हते.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांसाठी. सिंहली स्थलनामांचा सर्वांत जुना साठा इ. स. पूर्व ३ ऱ्या शतकापासूनच्या ब्राह्मी गुहालेखांत आहे. हे लेख हजाराहून अधिक आहेत आणि बहुतेक एकदोन ओळींचे: अमक्या परुमकाच्या (सरदाराच्या) मुलाचे ‘लेणे’ आलेल्या आणि न आलेल्या चारी दिशांच्या संघाला दिले. त्यांत दात्यांमध्ये ‘गमिक’, म्हणजे गावप्रमुख, वारंवार येतो. कार्ले, भाजे आणि जुन्नरचे लेख ज्याने वाचले आहेत त्याला ही भाषा, ही लिपी आणि हा दानाचा साचा नवा वाटणार नाही, आणि ‘लेण’ हा शब्द तर अर्थासकट आपलाच आहे. दंबुल्लच्या वाटेवर लेनदोर नावाचे गाव लागते. ‘लेन’ म्हणजे लेणे आणि ‘दोर’ म्हणजे दार. पुढच्या खेपेस तेथे गाडी थांबवून सिंहली लिपीतील पाटी पाहावी, आणि एखाद्या वृद्ध गावकऱ्याकडून नाव दोनदा म्हणवून घ्यावे.